सल्लागार हजर

प्राध्यापक इंदुमतीबाई गेल्याचं कळलं, त्याच दिवशी विद्यापीठातल्या नाट्यमंडळाचा प्रयोग थांबला. मंडळाच्या सल्लागार त्याच होत्या, आणि सल्लागार हजर नसेल तर कार्यक्रम नाही, असा नियम होता. गेलेल्या प्राध्यापकांची संगणकातली प्रतिकृती हजर धरत, पण त्याला घरच्यांची संमती लागे. तेराव्यानंतर मंडळातली मुलं बाईंच्या यजमानांकडे, दिगंबररावांकडे आली. तो आवाज आपल्याला ऐकवेल का, या धास्तीतच त्यांनी होकार दिला.

प्रयोगाआधी स्पीकरमधून बाई बोलल्या, "तेजल, मागच्या दारातल्या खुर्च्या हलव. तोवर पडदा उघडणार नाही."

"बाई, आता तरी सूट द्या!" तेजल म्हणाली.

"मी गेले म्हणून दार अडवायचं?"

सगळे हसले. खुर्च्या हलल्या. मग बाईंनी पहिल्या रांगेत बसलेल्या दिगंबररावांना विचारलं, "अहो, जेवलात का?"

प्रयोग छान झाला. दिगंबररावांनी अजून उत्तर दिलेलं नाही.