झाडाचा होकार

नव्या गाडीवर पानं पडतात म्हणून दारातला कडुनिंब तोडायचा, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं. महापालिका नाही म्हणेल म्हणून तिकडे हे फिरकलेच नाहीत. परवानगी थेट झाडालाच मागणार होते, कारण झाड म्हणजे देव. ज्या माणसानं आजवर त्या देवाला गडवाभर पाणी घातलं नाही, तो सकाळी सोवळं नेसून बाहेर आला. खोडाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, सालीच्या भेगेत उदबत्ती खोचली आणि कपाळ टेकवून, डोळे मिटून उभा राहिला. करवतवाला गेटपाशी जांभया देत होता.

मग डोळे उघडून, मोठा साक्षात्कार झाल्यासारखे हे त्याला म्हणाले, "तोड गा आता. परवानगी भेटली."

"काय म्हटलं झाडानं?" मी विचारलं.

"काहीच नाही म्हटलं. नाही म्हटलं नाही, म्हणजे हो समजाचं वं. तुले नाही समजत त्यातलं."

"समजते ना," मी म्हटलं. "तुम्ही मले पाहाले आले होते, तेव्हा मीबी काहीच नव्हती बोलली."