बोअरचं पाणी

ताटात टक्कन वाजलं.

मायलेकी जेवत होत्या. शाळेत पोरांनी आज पुन्हा प्रतिक्षाला ‘हळकुंड’ म्हटलं होतं. भाकरीचा कडक पापुद्रा चावताना कोमलच्या पुढच्या दातावर बसवलेली टोपी निघाली आणि ताटात पडली. पांढरीशुभ्र.

कोमलने झटकन पदर तोंडाला लावला. सहा वर्षांच्या पोरीने तो ओढून काढला आणि आत वाकून पाहिलं.

“आई! तुझा पन पिवळा?”

प्रतिक्षा हसली. तिचे झिजलेले, हळदीच्या रंगाचे इवलेसे दात सगळे दिसले.

“माझ्यावानीच हाय की गं!”

“हळू बोल,” कोमल म्हणाली. “आजीला सांगू नको.”

पाहुणे बघायला यायच्या महिनाभर आधी वसमतला वडिलांनी तिच्या दातांवर टोप्या बसवून घेतल्या होत्या. त्याआधी एम.एस्सी.ला दोन वर्षं ती बोटाच्या पेराएवढ्या माशांचे दात भिंगाखाली बघत होती. ते दात घशात असतात. एखादं जनुक बिघडलं की दात वेळेवर उगवतो, आकारही धरतो, पण त्यात क्षार नीट भरत नाहीत. न भाजलेल्या विटेसारखा कच्चा राहतो. माशाचं तेच थोड्या फरकाने माणसाचं. हाच विषय काहून घेतला, असं सरांनी विचारलं तेव्हा ती ओठ मिटून हसली होती.

प्रतिक्षाचा पहिला दात पिवळा आला, तेव्हा कोमलला बघताक्षणी कळलं, आपलंच हिच्यात उतरलंय. घरात सगळे विचारत होते, लेकराच्या दाताला काय झालं? तिच्या तोंडून निघून गेलं, “बोअरचं पाणी जड असंल.”

शिकलेली सून. पुढे कोणी विचारलं नाही. त्याच पाण्यावर जावेच्या पोरांचे दात पांढरे कसे, हेसुद्धा नाही.

तो बोअर सासूने, नर्मदाबाईंनी, घरच्यांशी भांडून पाडून घेतला होता. कोमल तसं बोलली त्या दिवसापासून त्यांनी नातीला त्यातला थेंब दिला नाही. पाच वर्षं झाली. गुडघे दाबत मळ्यातल्या विहिरीवर जातात, तिच्यापुरती एक घागर रोज आणतात.

आत्ताही त्या दारात आल्या. घागर टेकवून उंबऱ्यावरच बसल्या. दम लागला होता तरी आधी नातीचा पेला भरला.

“पी माय. आता नवे दात येतीन तुला, मोत्यावानी. माझ्या बोअरनं खाल्ले माझ्या लेकराचे दात.” मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “तुला तोंड दाखवायची लाज वाटती गं कोमल मला.”

कोमलचा पदर तोंडावरच होता. जीभ दाताच्या उघड्या खुंटाला लागली. आता सांगावं, असं वाटलं. तिने पदर अजून घट्ट धरला.

प्रतिक्षाने पेला ओठाला लावला आणि मध्येच थांबली. दुसऱ्या मुठीत ताटातून उचललेली टोपी होती. तिने आजीच्या घागरीकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, तू ल्हान व्हतीस तवा कोन्या बोअरचं पानी पेत व्हतीस?”