शिशाची पट्टी

आमच्या लिप्टोव्हमध्ये होड्या दुरुस्त करणारे एकटे व्हेंडेलिनकाका, आणि संघातल्या एकाच जागेसाठी माझ्याविरुद्ध त्यांचीच लेक ल्युबिका. म्हणून शर्यतीआधी माझी एकटीनं वल्हवायची हलकी कयाक होडी आतून चाचपली. काकांनी काल बसवलेल्या बैठकीखाली शिशाची पट्टी हाताला लागली. "गोडबोल्या म्हातारा! होडी जड करतोस काय?" पुटपुटत मी ती उचकटली आणि व्हाह नदीत भिरकावली. शर्यतीत फेसाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांची सगळी फाटकं एकाही खांबाला न शिवता पार केली. ल्युबिका तीन सेकंद मागे. पंचांनी नेहमीप्रमाणे होडी काट्यावर ठेवली. "किमान आठ किलो हवी. शंभर ग्रॅम कमी भरतेय. बाद!" काका धावत आले. "अगं, नवी बैठक हलकी, म्हणून पट्टी चिकटवली होती. कुठंय?" मी उसळले, "मग सांगितलं का नाही?" ते हळूच म्हणाले, "'तुझ्या होडीत वजन टाकलंय' म्हटलं असतं, तर ठेवलं असतंस?"