तीन अक्षरांचे शेपूट

“ही उघडत नाही हो,” रुग्णालयाच्या खिडकीमागच्या मुलीने दोन्ही हातांनी सीडी परत केली. “फाइलच्या नावाशेवटी आयएमजी असं काहीतरी आहे. आमची यंत्रणा ते ओळखत नाही. माफ करा.”

तोमोएनेही वाकून माफी मागितली. चूक आपलीच आहे, याची तिला खात्री होती.

सीडीवर तिच्या नवऱ्याच्या, इसाओच्या, छातीचा चौदा वर्षांपूर्वीचा एक्स-रे होता. आता त्याच्या उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसला होता. डॉक्टर हिरोसेबाईंनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितले होते: जुन्या फोटोत हाच ठिपका, एवढाच, असेल तर तो जुना व्रण, त्याला हात लावायचा नाही. नसेल, तर गुरुवारी छाती उघडायची. तपासणीची गाडी तेव्हा दर वर्षी इसाओच्या कारखान्याच्या अंगणात येऊन उभी राहायची, पण ती चालवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. सीडी सापडली ती घरी, पितरांच्या देव्हाऱ्याच्या खणात, सासऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांखाली.

ती आत गेली. इसाओ डॉक्टरांसमोर मांडीवर टोपी घेऊन बसला होता.

“नाही ना उघडली? झालं तर मग. गुरुवारी कापा. माशांच्या वड्या करण्यात जन्म गेला माझा, कापाकापीला भितो की काय?”

“तुम्ही गप्प बसा.” तोमोए डॉक्टरांपुढे वाकली. “डॉक्टर, माझंच चुकलं. तुम्हाला त्रास नको म्हणून मी घरी आधी उघडून बघितली. कॉम्प्युटरने विचारलं, कशात उघडू? मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. तर म्हणतो, डिस्क खराब आहे. माझ्याच हातून बिघडली.”

“अगं, हे मला नाही सांगितलंस!”

“सांगून काय करणार होतात? ओरडला असतात.”

“ओरडलोच असतो!”

हिरोसेंनी सीडी उजेडात धरून तिची पाठ पाहिली. “काकू, ही नुसती वाचता येते. हिच्यावर लिहिता येत नाही. तुम्ही बिघडवायची म्हटली तरी बिघडणार नाही.”

“मग तो खराब का म्हणाला?”

“आयएमजी हे शेपूट बरेच जण लावतात. कुणी अख्ख्या डिस्कच्या नकलेला, कुणी नकाशाला, कुणी साध्या फोटोला. तुमच्या कॉम्प्युटरला वाटलं, ही डिस्कची नक्कल. तशी ती निघाली नाही, म्हणून खराब म्हणून मोकळा झाला.”

“आमच्या सासूबाईंसारखंच,” तोमोएच्या तोंडून निघून गेले. “ओळखीची चव लागली नाही की सूप नासलं म्हणायच्या.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

हिरोसेंनी कपाटातून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. रुग्णालयाच्या यंत्रणेला तो जोडलेला नव्हता. त्यांनी सीडी घातली आणि फाइल अशा प्रोग्रॅममध्ये उघडली, जो नावाकडे पाहतच नव्हता. त्याने फक्त विचारले, एका ओळीत ठिपके किती?

“ते फाइलमध्ये लिहिलेलंच नाही,” त्या म्हणाल्या. “नुसते आकडे आहेत, एकामागे एक. ओळ कुठे मोडायची ते आपण ठरवायचं.”

पहिल्या अंदाजाला पडदाभर तिरप्या पट्ट्या उमटल्या. एका बाजूची दोरी तुटलेला बांबूचा पडदा जणू. तोमोएने डोळे मिटून घेतले.

“ओळ चुकली.” हिरोसेंनी फाइल केवढी आहे ते पाहिले, एका ठिपक्याला दोन बाइट म्हणून कागदावर तो आकडा निम्मा केला आणि त्याचे वर्गमूळ काढले. “फोटो चौरस धरून बघू.”

आता पट्ट्या गेल्या. पडद्यावर नुसते बर्फ भुरभुरत होते, पण त्या बर्फाला खांदे होते.

“ओळ बरोबर आली. प्रत्येक आकड्याचे दोन बाइटच उलट्या क्रमाने वाचले जातायत.” त्यांनी एक खूण बदलली.

बर्फ विरले आणि छाती दिसली. फासळ्या, हृदय, आणि वरती गळ्याजवळचे ते वाकडे जुळलेले हाड. तरुणपणी इसाओ बोटीवरून धक्क्यावर आपटला होता, तेव्हाचे. फोटो त्याचाच होता. हिरोसेंनी उजेड वाढवला. मग नवा फोटो शेजारी लावला आणि दोन्हींवर मापे घेतली.

उजव्या फुप्फुसात, फासळीच्या कडेला, लाल चवळीच्या दाण्याएवढा ठिपका.

“तोच आहे,” हिरोसे म्हणाल्या. “आणि तेवढाच. चौदा वर्षांत जराही वाढलेला नाही. गुरुवारचं रद्द.”

मग इसाओ ताठ झाला.

“पण त्या वर्षी तपासणीत मला ‘ए’ शेरा मिळाला होता! सगळ्या पाळीत मला एकट्याला!”

“द्यायला नको होता. हा त्यांना दिसायला हवा होता.”

“म्हणजे शेजारच्या यंत्रावरच्या यामासेला मी इतकी वर्षं ‘बी’वाला, ‘बी’वाला म्हणून उगाचच चिडवलं?”

“त्यांना एक बाटली नेऊन द्या,” हिरोसे म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या.

एरवी तोमोएने यावर चार शब्द सुनावले असते. आता ती नुसती उठली, जाकीट सारखे केले, हात मांड्यांवर ठेवले आणि कंबरेतून खोल वाकली. वाकूनच राहिली.

“अगं,” इसाओ कुजबुजला, “डॉक्टर इकडे बसल्यात.”

तोमोए पडद्याकडेच वाकलेली होती.