स्टॅच्यू

खांबावर लाल फडकं नव्हतं.

रखवालदार जागीच थांबला. तळ्याच्या ज्या काठाला मगर दिसेल, तिथल्या खांबाला लाल फडकं बांधायचं, हा उद्यानातला साधा नियम. फडकं दिसलं की पाण्यात कुणी पाय घालत नाही. नाही दिसलं की खुशाल डुंबतात. आज सकाळी त्यानं ते स्वतःच्या हातानं इथं बांधलं होतं.

मग त्याला क्वार्टरसमोरची दोरी दिसली. चादरी, मुलीचा फ्रॉक, आणि शेजारी तेच फडकं, चांगलं धुऊन, चिमटे लावून वाळत घातलेलं. बायकोचंच काम हे! पाखरांनी घाण केलेलं फडकं तिला बघवलं नसणार.

आणि इकडे कंबरभर पाण्यात त्याची सहा वर्षांची पोर. तोंड म्हणून मिटायची नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत. फडकं नाही हे बघूनच ती उतरली होती. बापानं शिकवलं तसंच तर वागली होती.

"बाबा, बघ! मी बदक!" ती पाय आपटत ओरडली.

तिच्या मागे, लव्हाळ्यापाशी, पाण्यावर दोन डोळे होते. पाणी हललं की मगर तिकडेच वळते, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला रोज घसा फोडून सांगायचा. पळ म्हणावं, तर ही धबाधबा पाणी उडवत पळणार. नको रे देवा!

त्यानं चेहऱ्यावर कसंबसं हसू आणलं.

"टिटवे, स्टॅच्यू!"

पोर जागच्या जागी थिजली. एक हात वर, एक डोळा मिटलेला. या खेळात ती बापाकडून कधीच हरायची नाही.

तो पाण्यात उतरला. पाऊल न उचलता, चिखलातून सरकवत निघाला. हसू त्यानं ढळू दिलं नाही. हसू गेलं असतं तर ती घाबरून हलली असती. तेवढ्यात ते दोन डोळे पाण्याखाली गेले.

त्यानं तिला काखेत धरून उचललं, मागे मागे सरकत काठ गाठला आणि क्वार्टरच्या पायऱ्यांपर्यंत धूम ठोकली. मागे पाणी एकदाच जोरात उसळलं.

"अहो, झालं काय?" बायको दोरीवरचं फडकं हातात घेऊन धावत आली.

तो पायरीवर मटकन बसला. पोर मांडीवर तशीच ताठ, हात अजून वर. इतका वेळ गप्प ती जन्मात राहिली नव्हती. शेवटी ओठ न हलवता हळूच पुटपुटली,

"बाबा, ओव्हर म्हण ना."