साफ केलेली पेटी

कबनूरच्या सम्राटनं केरबाअण्णांना समोर बसून कधी ऐकलं नव्हतं, पण त्यांच्या पेटीवादनावर त्याचा भारी जीव. अण्णा गेल्यावर त्यानं गावोगावच्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या आणि कॉम्प्युटरवर घालून मागचा सगळा गोंगाट काढून टाकला. शेवटच्या बैठकीचं साफ केलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन तो मंगळवार पेठेत, अण्णांच्या बायकोकडं आला.

पेटी सुरू झाली तशी लीलाकाकूंनी डोळे मिटले. मांडीवरचा त्यांचा हात आपसूक पुढं-मागं व्हायला लागला. काकूंनी ताल धरलाय, असं सम्राटला वाटलं आणि त्याला चेव आला.

"समदं साफ केलंय बघा काकू. खोकणारी माणसं काढली, रस्त्यावरचा भोंगा काढला. आणि अण्णांच्या पुढ्यातच कोण बाई बसली हुती की, सारख्या बांगड्या वाजवत. लई तरास दिला तिनं. पार पुसून टाकली तिला."

काकूंचा हात थांबला. मनगट मोकळंच होतं.

"ह्यांचा डावा हात लुळा पडला हुता तवा," त्या म्हणाल्या. "उजव्या हातानं हे सूर धरायचे, आणि समोर बसून भाता मी हलवायची."

सम्राट मोबाइल बंद करायला गेला.

"ऱ्हाऊ दे, चालू ठेव," काकू स्पीकरला कान लावत म्हणाल्या. "मला काढलंस, मग आता भाता कोण हलवतंय, ते ऐकू दे की."