तळ्याकाठची रोपं

वनरक्षकाचा मुलगा राखीव जंगलातल्या तळ्यात बुडाला, तेव्हापासून त्याची आई दरवर्षी त्या काठावर घरच्या बागेतली फुलझाडं लावायची. जंगलात बाहेरचं काही रुजू द्यायचं नाही, ते पसरलं की इथलं गवत मरतं, हे वनरक्षक येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचा. बायकोला सांगायला मात्र जीभ रेटत नव्हती. ती घरी गेली की तो गुपचूप रोपं उपटायचा आणि खापर हरणांवर फोडायचा. यंदा तिने खुरपं खाली ठेवलं. “हरणं नाही खात हो. त्या दिवशी मी पोराला रागावून घराबाहेर काढलं ना, म्हणून तो माझं काही रुजू देत नाही.” नवरा तिच्याजवळ खाली बसला. “मीच उपटतो गं. दर वेळी मीच.” “म्हणजे तो रागावलेला नाही,” ती पुटपुटली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडली.